ल्युसी विल्स

ल्युसी विल्स (१० मे १८८८ – एप्रिल १९६४) या ब्रिटिश रक्तविज्ञानतज्ज्ञ व वैद्यक संशोधक होत्या. १९२८ ते १९३३ या काळात त्यांनी मुख्यतः मुंबईतील परळच्या हाफकिन संस्थेत राहून गरोदर स्त्रियांमध्ये आढळणाऱ्या एका गंभीर रक्तक्षयाचे संशोधन केले. हा रक्तक्षय आहारातील एका घटकाच्या अभावामुळे होतो आणि यीस्टच्या अर्काने तो बरा होतो, हे त्यांनी दाखवून दिले. हा अज्ञात घटक अनेक वर्षे ‘विल्स घटक’ या नावाने ओळखला जात होता. पुढे तो फॉलिक आम्ल म्हणजेच ब गटातील नववे जीवनसत्त्व असल्याचे स्पष्ट झाले. गरोदर स्त्रियांना आज सर्वत्र दिल्या जाणाऱ्या लोह-फॉलिक आम्लाच्या गोळीमागे हेच संशोधन आहे. रक्तपेशी व प्रतिकारपेशी यांचा आहाराशी असलेला संबंध समजून घेण्याच्या इतिहासातही त्याला महत्त्वाचे स्थान आहे.

प्रारंभिक जीवन व शिक्षण

विल्स यांचा जन्म इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळील सटन कोल्डफील्ड येथे झाला. त्यांचे वडील विल्यम लेनर्ड विल्स हे विज्ञानाचे पदवीधर असून कुटुंबाच्या लोखंडी हत्यारांच्या कारखान्यात भागीदार होते. आई गर्ट्रूड या बर्मिंगहॅममधील एका नामांकित डॉक्टरांची मुलगी होत्या. घरात विज्ञानाची आवड होती. थोरले बंधू लेनर्ड जॉन्स्टन विल्स पुढे बर्मिंगहॅम विद्यापीठात भूशास्त्राचे प्राध्यापक झाले.

चेल्टनहॅम लेडीज कॉलेज या शाळेतून त्या १९०७ मध्ये केंब्रिजच्या न्यूनहॅम महाविद्यालयात दाखल झाल्या. तेथे त्यांनी वनस्पतिशास्त्र व भूशास्त्र या विषयांचा अभ्यास केला. १९११ मध्ये त्या परीक्षा उत्तीर्ण झाल्या, परंतु केंब्रिज विद्यापीठ त्या काळी स्त्रियांना पदवी देत नसे. तो अधिकार स्त्रियांना १९४८ मध्ये मिळाला. त्याच वर्षी, १९११ मध्ये, त्यांचे वडील वारले आणि दोन वर्षांनी बहीण एडिथ हिचाही मृत्यू झाला. त्यानंतर त्या आईसह श्रीलंकेला गेल्या. १९१४ मध्ये धाकटे बंधू गॉर्डन यांच्यासोबत त्या दक्षिण आफ्रिकेत असताना पहिले महायुद्ध सुरू झाले आणि काही आठवडे त्यांनी केप टाऊनमध्ये परिचारिका म्हणून काम केले. इंग्लंडला परतल्यावर जानेवारी १९१५ मध्ये त्यांनी लंडनच्या स्त्रियांसाठीच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला. हे महाविद्यालय रॉयल फ्री रुग्णालयाशी संलग्न होते. १९२० मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, त्या डॉक्टर झाल्या.

रुग्णांवर प्रत्यक्ष उपचार करण्याऐवजी त्यांनी रॉयल फ्री रुग्णालयाच्या विकृतिशास्त्र विभागात अध्यापन व संशोधन करणे पसंत केले. गरोदरपणात शरीरात होणाऱ्या रासायनिक बदलांचा अभ्यास त्यांनी तेथेच सुरू केला. मुंबईतील कामासाठी त्यांची निवड होण्यामागे हा अनुभव होता.

मुंबईतील पार्श्वभूमी

१९२० च्या दशकात मुंबईत बाळंतपणात दगावणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण फार मोठे होते. इंडियन रिसर्च फंड असोसिएशन या संस्थेने (आजच्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची पूर्वज) मातामृत्यूंची चौकशी हाती घेतली होती. भारतात दीर्घकाळ काम केलेल्या स्कॉटिश डॉक्टर मार्गारेट बाल्फर यांनी या चौकशीत सहभागी होण्यासाठी विल्स यांना बोलावले.

त्या हाफकिन संस्थेत रुजू झाल्या. प्लेगच्या साथीत वाल्डेमार हाफकिन यांनी उभारलेली ही प्रयोगशाळा १८९९ पासून परळच्या जुन्या राजभवनात होती आणि १९२५ मध्ये तिला हाफकिन यांचे नाव देण्यात आले होते. संस्थेच्या भोवती गिरणगाव पसरले होते. विल्स आल्या त्या १९२८ साली एप्रिल ते ऑक्टोबर असा सुमारे सहा महिन्यांचा गिरणी कामगारांचा सार्वत्रिक संप झाला. त्याच वर्षी मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांना प्रसूतीची पगारी रजा देणाऱ्या विधेयकावर चर्चा झाली, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला आणि १९२९ मध्ये मुंबई प्रसूती लाभ कायदा संमत झाला. विल्स यांचे संशोधन या घडामोडींपासून वेगळे, प्रयोगशाळेत चालले होते. पण गिरण्यांत काम करणाऱ्या किंवा कामगार वस्तीत राहणाऱ्या स्त्रीच्या ताटात काय पडते, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच होता.

दोन सारखे दिसणारे आजार

विल्स यांच्यासमोर असलेल्या आजाराला त्या वेळी ‘गरोदरपणातील पर्निशियस ॲनिमिया’ असे म्हणत. पर्निशियस ॲनिमिया, म्हणजे मारक रक्तक्षय, हा युरोप-अमेरिकेतील डॉक्टरांच्या चांगल्या परिचयाचा रोग होता. यात अस्थिमज्जेत तयार होणाऱ्या तांबड्या पेशी संख्येने कमी, पण आकाराने अवाजवी मोठ्या असतात. १९२६ पर्यंत हा रोग बहुधा जीवघेणाच ठरे. त्या वर्षी अमेरिकेत जॉर्ज मायनट व विल्यम मर्फी यांनी रुग्णांना रोज भरपूर यकृत खाऊ घालून तो आटोक्यात येतो, असे दाखवले. या शोधाबद्दल त्यांना जॉर्ज व्हिपल यांच्यासह १९३४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

मुंबईतील गरोदर स्त्रियांच्या रक्ताचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर चित्र जवळजवळ तसेच दिसे. म्हणूनच दोन्ही आजारांना एक नाव मिळाले होते. विल्स यांनी बारकाईने पाहिले तेव्हा मात्र फरक दिसू लागला. मारक रक्तक्षयाच्या रुग्णांच्या जठरात आम्ल तयार होत नाही. मुंबईच्या रुग्णांच्या जठरात ते तयार होत होते. म्हणजे जठर शाबूत होते, दोष अन्यत्र होता. या एका निरीक्षणाचे महत्त्व तेव्हा पूर्णपणे कळण्याजोगे नव्हते, कारण मारक रक्तक्षयात जठराचे नेमके काय बिघडते, हेच ठाऊक नव्हते. त्याचा उलगडा पुढे तीस वर्षांनी झाला.

आहाराची पाहणी

संसर्ग आणि आहार या दोन्ही शक्यतांचा विचार करून विल्स यांनी आहारावर लक्ष केंद्रित केले. एस. एन. तळपदे यांच्यासह त्यांनी मुंबईतील वेगवेगळ्या आर्थिक थरांतील व समाजांतील स्त्रियांच्या आहाराची व राहणीमानाची पाहणी केली आणि १९३० मध्ये ती इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्चमध्ये प्रसिद्ध केली. या मालिकेतील इतर निबंधांत एम. एम. मेहता व एच. एस. बिलिमोरिया हे त्यांचे सहलेखक होते. लोकप्रिय चरित्रांत विल्स एकट्याच काम करताना दिसतात. प्रत्यक्षात मुंबईच्या चाळींमधून घरोघरच्या जेवणाची माहिती मिळवण्यासारखे काम स्थानिक सहकाऱ्यांवाचून होणे अवघड होते, आणि निबंधांवरील नावे तेच सांगतात.

आहार जितका निकृष्ट, तितका गरोदरपणात हा रक्तक्षय होण्याचा धोका अधिक, असे पाहणीत आढळले. दोन्ही बाबतींत सर्वाधिक वाईट अवस्था गरीब मुस्लिम स्त्रियांची होती. त्या काळच्या पद्धतीप्रमाणे निबंधांत स्त्रियांची वर्गवारी धर्म व जातीनुसार केली आहे. आज ती वाचताना हे ध्यानात ठेवले पाहिजे की, दारिद्र्य, लागोपाठची बाळंतपणे आणि पडद्यामुळे घरात कोंडलेले जीवन ही कारणे त्या वर्गवारीच्या आड दडलेली आहेत. ताज्या भाज्या, फळे व दूध जिच्यापर्यंत पोहोचत नव्हते, ती स्त्री आजारी पडत होती.

गरोदरपणातच हा आजार का उफाळून येई, याचे कारण आता माहीत आहे. शरीरातील फोलेटचा साठा फार तर चार महिने पुरतो. पोटातल्या बाळाच्या पेशी झपाट्याने विभाजित होत असल्याने आईच्या साठ्यावर मोठा ताण पडतो. त्याच्या तुलनेत ब-१२ जीवनसत्त्वाचा साठा काही वर्षे टिकतो.

उंदीर, माकडे आणि मार्माइट

एप्रिल ते ऑक्टोबर १९२९ या काळात विल्स निलगिरीतील कुन्नूर येथे गेल्या. तेथील पाश्चर संस्थेच्या आवारात रॉबर्ट मॅककॅरिसन यांची पोषणविषयक संशोधनाची प्रयोगशाळा होती. १९३१ च्या प्रारंभी त्यांनी मद्रासच्या कास्ट अँड गोशा रुग्णालयातही काम केले. १९३० ते १९३२ दरम्यान दर उन्हाळ्यात काही महिने त्या लंडनला परतत आणि रॉयल फ्री रुग्णालयात काम करीत.

मुंबईतील गरीब स्त्रियांच्या आहारासारखा आहार पांढऱ्या उंदरांना दिल्यावर तेही रक्तक्षयाने आजारी पडले आणि गाभण माद्या पिल्ले होण्यापूर्वीच मरू लागल्या. यीस्ट दिल्यावर आजार टळे. हा निष्कर्ष फार सरळ वाटत होता, पण पुढे त्यात एक गुंता आढळला. उवांमधून पसरणाऱ्या बार्टोनेला या जंतूचा संसर्ग उंदरांच्या रक्तक्षयाला कारणीभूत होता. अपुऱ्या आहारामुळे उंदरांची शक्ती खचून हा संसर्ग बळावत होता. विल्स यांनी ही बाब झाकून न ठेवता निबंधात नोंदवली आणि प्रयोगासाठी ऱ्हीसस माकडे निवडली. माकडांमध्ये मात्र तसाच निकृष्ट आहार देऊन मोठ्या पेशींचा रक्तक्षय निर्माण करता आला. बिलिमोरिया यांच्यासह केलेला हा प्रयोग १९३२ मध्ये प्रसिद्ध झाला.

रुग्ण स्त्रियांना अ व क ही जीवनसत्त्वे देऊन काही उपयोग झाला नव्हता. यकृताचा अर्क गुणकारी ठरला, पण तो महाग होता. मग मार्माइट देऊन पाहण्यात आले. बिअर तयार करताना उरणाऱ्या यीस्टपासून बनवलेला हा काळपट, खारट, दाट अर्क १९०२ पासून इंग्लंडमध्ये विकला जात होता आणि पावाला लावून खाल्ला जाई. तो स्वस्त होता, शिवाय त्यात मांसाचा अंश नसल्याने यकृत खाणे ज्यांना निषिद्ध होते, अशा स्त्रियांनाही देता येत होता. परिणाम थोड्याच दिवसांत दिसला: रुग्णांच्या रक्तात नव्या तांबड्या पेशी मोठ्या संख्येने दिसू लागल्या आणि भूक व शक्ती परत आली. १९३१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

यीस्टमधील नेमका कोणता पदार्थ काम करतो, हे विल्स यांना ठाऊक नव्हते. परंतु तो मारक रक्तक्षयावर गुणकारी असलेला पदार्थ नसावा, असा त्यांना संशय होता. लंडनला परतल्यानंतर पी. डब्ल्यू. क्लटरबक व बार्बरा इव्हान्स यांच्यासह १९३७ मध्ये त्यांनी हे स्पष्ट केले. यकृताचा कच्चा अर्क दोन्ही आजारांवर चाले. शुद्ध केलेला अर्क मात्र मारक रक्तक्षय बरा करी, पण मुंबईच्या रक्तक्षयावर निष्प्रभ ठरे. म्हणजे शुद्धीकरणात एक वेगळा, स्वतंत्र घटक गळून जात होता. त्यालाच ‘विल्स घटक’ हे नाव पडले. याच संदर्भात त्या नोव्हेंबर १९३७ ते जानेवारी १९३८ असे सुमारे दहा आठवडे पुन्हा हाफकिन संस्थेत आल्या. या खेपेस त्यांनी बोटीऐवजी इम्पीरियल एअरवेजच्या समुद्री विमानाने प्रवास केला. तो पाच दिवसांचा होता.

विल्स घटकाची ओळख

१९४१ मध्ये अमेरिकेत पालकाच्या पानांपासून एक जीवनसत्त्व वेगळे करण्यात आले. पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला फॉलिक आम्ल असे नाव दिले गेले. १९४५ मध्ये लेडर्ली प्रयोगशाळेत आंध्रातून आलेल्या यल्लाप्रगडा सुब्बराव यांच्या नेतृत्वाखालील गटाने ते कृत्रिमरीत्या तयार केले आणि त्याच वर्षी ते रुग्णांना देता येऊ लागले. विल्स घटक तो हाच, हे यानंतर स्पष्ट झाले. मारक रक्तक्षयावरील यकृतातील दुसरा पदार्थ, ब-१२ जीवनसत्त्व, १९४८ मध्ये वेगळा करण्यात आला. परळच्या स्त्रियांवरील निरीक्षणांतून विल्स यांनी ज्या दोन आजारांना वेगळे केले होते, त्यांची दोन वेगळी जीवनसत्त्वे अशी रीतसर हाती आली.

प्रतिकारपेशींशी संबंध

विल्स यांनी प्रतिकारशक्तीवर संशोधन केले नव्हते. तरीही त्यांच्या शोधाचा धागा दोन ठिकाणी प्रतिकारविज्ञानाला जाऊन मिळतो.

पहिला मारक रक्तक्षयाचा. १९५० च्या दशकाची अखेर आणि १९६० चे दशक या काळात असे आढळले की, या रुग्णांच्या रक्तात त्यांच्याच जठरातील पेशींविरुद्ध, तसेच ब-१२ शोषून घेण्यास आवश्यक असलेल्या जठरातील प्रथिनाविरुद्ध प्रतिद्रव्ये असतात. म्हणजे हा आत्मप्रतिरक्षा विकार आहे. बाहेरच्या शत्रूशी लढण्यासाठी असलेली यंत्रणा येथे स्वतःच्याच जठरावर उलटते, जठरातील आम्ल स्रवणाऱ्या पेशी नष्ट होतात आणि ताटात ब-१२ असले तरी ते शरीरात शोषले जात नाही. १९२८ मध्ये विल्स यांनी जठरातील आम्ल तपासून जी सीमारेषा ओढली होती, तिच्या एका बाजूला रोगप्रतिकारयंत्रणेचा बिघाड होता, तर दुसऱ्या बाजूला निव्वळ रिकामे ताट होते. हा फरक आजही उपचारांत निर्णायक ठरतो. ब-१२ च्या अभावामुळे झालेला रक्तक्षय केवळ मोठ्या मात्रेतील फॉलिक आम्लाने सुधारल्यासारखा दिसतो, परंतु मज्जातंतूंना होणारी इजा चालूच राहते. म्हणून डॉक्टर दोन्हींची तपासणी केल्याशिवाय निर्णय घेत नाहीत.

दुसरा धागा फॉलिक आम्लाच्या कार्याचा. पेशी दुभंगण्यापूर्वी तिला आपल्या डीएनएची प्रत तयार करावी लागते आणि त्यासाठी लागणारे काही घटक फोलेटवाचून बनत नाहीत. ज्या पेशी सर्वाधिक वेगाने वाढतात त्यांना ही उणीव प्रथम जाणवते. तांबड्या पेशी त्यांतल्या एक, आणि संसर्ग झाला की झपाट्याने वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी दुसऱ्या. फोलेटची कमतरता असलेल्या रुग्णाच्या रक्तातील न्यूट्रोफिल पेशींचे केंद्रक नेहमीपेक्षा अधिक खंडांचे दिसते, ही खूण वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना आजही शिकवली जाते. जपानी संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात आहारातून फोलेट वगळलेल्या उंदरांच्या आतड्यातील नियामक टी पेशी कमी झाल्याचे आढळले. प्रतिकारयंत्रणेला लगाम घालून तिला स्वतःच्या शरीरावर हल्ला करण्यापासून रोखणे, हे या पेशींचे काम असते. अर्थात हे निष्कर्ष उंदरांवरचे आहेत. फोलेटयुक्त आहाराने माणसांतील आत्मप्रतिरक्षा विकार टळतात किंवा बरे होतात, असे त्यावरून म्हणता येत नाही.

याच ज्ञानाचा उलटा उपयोगही झाला. फोलेटच्या कार्यात अडथळा आणणारी द्रव्ये बनवली, तर वेड्यावाकड्या वाढणाऱ्या पेशींना आवर घालता येईल, या विचारातून सुब्बराव यांच्या गटाने अमिनोप्टेरिन तयार केले. १९४८ मध्ये बोस्टनचे डॉक्टर सिडनी फार्बर यांनी त्याच्या साहाय्याने रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांचा आजार काही काळ मागे हटवला. १९५१ मध्ये याच औषधाचा संधिवाताभ व सोरायसिस असलेल्या रुग्णांना उपयोग होतो, असे आढळले. त्याचे भावंड म्हणता येईल असे मेथोट्रेक्सेट हे औषध अमेरिकेत १९८८ मध्ये संधिवाताभासाठी मान्य झाले आणि आज या विकारावरील ते प्रमुख औषध आहे. आठवड्यातून एकदा, अल्प मात्रेत दिल्यास ते अतिउत्साही प्रतिकारपेशींना शांत करते. मात्र या परिणामामागे फोलेट रोखण्याखेरीज इतरही प्रक्रिया असतात. त्याचे दुष्परिणाम कमी व्हावेत म्हणून डॉक्टर त्याच रुग्णाला इतर दिवशी फॉलिक आम्लाची गोळी देतात. गरोदर स्त्रीला मात्र मेथोट्रेक्सेट अजिबात दिले जात नाही, कारण पोटातल्या बाळालाही फोलेट लागते.

उत्तरायुष्य

१९३३ पासून विल्स रॉयल फ्री रुग्णालयात पूर्णवेळ विकृतिशास्त्रज्ञ होत्या. दुसऱ्या महायुद्धात त्या तेथेच काम करीत होत्या. जुलै १९४४ मध्ये रुग्णालयावर जर्मन उडता बॉम्ब पडून काही जण ठार झाले आणि काम काही दिवस विस्कळीत झाले. युद्ध संपेपर्यंत त्या विभागप्रमुख झाल्या होत्या आणि तेथील रक्तविज्ञान विभाग त्यांनीच उभा केला होता. युद्धकाळातील शिधावाटप आणि नियमित लोह देणे यांचा गरोदर स्त्रियांच्या हिमोग्लोबिनवर काय परिणाम झाला, हा त्यांचा अभ्यास १९४७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी त्या निवृत्त झाल्या.

निवृत्तीनंतर जमैका, फिजी व दक्षिण आफ्रिका येथे जाऊन त्यांनी पोषण व रक्तक्षय यांची पाहणी केली. लंडनच्या चेल्सी भागातून मजूर पक्षाच्या नगरसेविका म्हणून त्या सुमारे दहा वर्षे निवडून येत होत्या. त्या अविवाहित राहिल्या. बागकाम, डोंगर चढणे व बर्फावर स्कीइंग करणे त्यांना आवडे आणि कामावर जाताना त्या मोटारीऐवजी सायकल वापरत. एप्रिल १९६४ मध्ये त्यांचे निधन झाले.

वारसा

फॉलिक आम्लाचे महत्त्व विल्स यांच्या कल्पनेच्या पलीकडे वाढले. ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या १९९१ च्या चाचणीत असे सिद्ध झाले की, ज्या स्त्रीला पूर्वी मेंदू वा मणक्याचा जन्मजात दोष असलेले मूल झाले आहे, तिने गर्भधारणेपूर्वीपासून फॉलिक आम्ल घेतल्यास तोच दोष पुन्हा होण्याचा धोका सुमारे ७२ टक्क्यांनी घटतो.

भारतात गरोदर स्त्रियांना लोह व फॉलिक आम्लाची गोळी देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७० मध्ये सुरू झाला. २०१८ पासूनच्या ‘अ‍ॅनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमानुसार गरोदर स्त्रीने ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असलेली गोळी किमान १८० दिवस रोज घ्यायची असते. परभणी जिल्ह्यासारख्या ग्रामीण भागात ती प्राथमिक आरोग्य केंद्र व उपकेंद्रांतून, तसेच आशा कार्यकर्त्यांमार्फत घरापर्यंत पोहोचते. या जिल्ह्यातल्या शेतांतून पिकणारा हरभरा व तूर, तसेच पालक, मेथीसारख्या पालेभाज्या हे फोलेटचे चांगले स्रोत आहेत. फोलेट पाण्यात विरघळते आणि उष्णतेने नष्ट होते, त्यामुळे भाजी फार वेळ शिजवून तिचे पाणी फेकून दिल्यास त्यातले बरेचसे वाया जाते.

विल्स यांनी वेगळे केलेल्या दोन घटकांमधील नाते महाराष्ट्रातच पुढे पुन्हा तपासले गेले. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गरोदर स्त्रिया व त्यांची मुले यांचा अभ्यास केला. मुंबईच्या गिरणगावापेक्षा येथील चित्र उलटे होते. फोलेटची कमतरता क्वचितच आढळली, पण बहुसंख्य मातांमध्ये ब-१२ कमी होते. फोलेट जास्त आणि ब-१२ कमी असलेल्या मातांच्या मुलांमध्ये पुढे इन्शुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती अधिक दिसली. गरोदरपणातील पोषणात एका जीवनसत्त्वाची मात्रा वाढवताना दुसऱ्याकडे पाहायला हवे, हा वाद त्यातून उभा राहिला आणि तो अद्याप मिटलेला नाही.

विल्स यांना हयातीत मोठे पुरस्कार मिळाले नाहीत. १० मे २०१९ रोजी, त्यांच्या १३१ व्या जयंतीला, गूगलने आपल्या मुखपृष्ठावर त्यांचे चित्र असलेले डूडल प्रसिद्ध केले. त्यांनी जेथे संशोधन केले ती हाफकिन संस्था परळच्या जुन्या राजभवनाच्या इमारतीत आजही कार्यरत आहे.